सापाच्या काळजापासून बँकॉकपर्यंत

'नसा बारीक आहेत, बायपास होणार नाही.' डॉक्टरांनी एकदा असं सांगितलं की घरात शोधाशोध सुरू होते. भिवंडीतही तेच. अँजिओग्राफीची सीडी आणि पंपिंग तीस टक्क्यांवर आल्याचा टू-डी इकोचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाइल कशेळीचा पूल ओलांडते, ठाण्याला दाखवली जाते, मग मुंबईला. तिथेही मान हलली की कुणी पाहुणा सांगतो, बाहेरदेशी स्टेम सेल देतात, हृदयाला नव्या नसा फुटतात. गाळा विकायचा की माग, इथवर हिशेब पोचतो.

नव्या नसा फुटण्याची ही आशा स्टेम सेलहून जुनी आहे. १९३५ मध्ये क्लीव्हलंडच्या क्लॉड बेक यांनी छातीचा स्नायू थेट हृदयाला शिवला होता. त्याच्यातून रक्तवाहिन्या आत उतरतील, असा त्यांचा कयास. आणि या घराण्याची एक शाखा आपल्या परळची आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन १९६८ च्या फेब्रुवारीतल्या हृदयरोपणासाठी लक्षात राहिले. जगातल्या पहिल्या, बर्नार्ड यांच्या केप टाउनच्या हृदयरोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. केईएमचा रुग्ण काही तासच जगला. पण त्याआधीचं, १९६५ चं त्यांचं काम मला जास्त विलक्षण वाटतं. सापासारख्या प्राण्यांच्या हृदयाच्या भिंतीला बरंचसं रक्त आतल्या कप्प्यातूनच, झिरपून मिळतं. माणसाला ते बाहेरून येणाऱ्या धमन्यांतून मिळतं, आणि नेमक्या त्याच तुंबतात. मग माणसाच्या हृदयालाही आतूनच पाजलं तर? सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईने हृदयाच्या भिंतीत छिद्रं पाडली आणि त्या पद्धतीला अॅक्युपंक्चर म्हटलं. छिद्रं टिकत नसत, बुजून जात. पुढे अमेरिकेत सुईच्या जागी लेझर आला. १९९८ मध्ये त्याला तिथली सरकारी मंजुरीही मिळाली. लेझरची छिद्रंही बुजतच होती, तरी रुग्ण सांगत, छातीतलं दुखणं कमी झालं.

हे कसं? त्याचं उत्तर निदान काही अंशी १९५९ मध्येच मिळालेलं होतं. छातीच्या आतल्या बाजूच्या दोन धमन्या बांधून टाकल्या की हृदयाकडे जास्त रक्त वळतं, अशी तेव्हा समजूत होती आणि ती शस्त्रक्रिया जोरात चालली होती. सिअॅटलच्या लेनर्ड कॉब यांनी १७ रुग्ण घेतले. काहींच्या धमन्या बांधल्या, काहींच्या फक्त कातडीला छेद दिला आणि टाके घातले. कुणाला काय केलं, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. नुसत्या छेदवाल्यांनाही तितकाच आराम पडला. छातीतलं हे दुखणं, अंजायना, असंही कमी-जास्त होत राहतं. त्यात शस्त्रक्रिया झाल्याचा भरवसा मिळाला की ते आणखी हलकं वाटतं. परक्या देशात जाऊन आयुष्याची कमाई मोजून आलेल्याला तर तसं वाटणारच.

स्टेम सेलची पाळी २००१ मध्ये आली. पिएरो आन्व्हेर्सा यांच्या गटाने उंदरांच्या हृदयात अस्थिमज्जेच्या पेशींनी नवा स्नायू उगवल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फमध्ये स्ट्राउअर यांनी माणसावर प्रयोगही केला. २००४ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळांनी तेच करून पाहिलं. स्नायू काही उगवला नाही. तोवर बाजार मांडून झाला होता. थेराव्हिटे नावाच्या कंपनीच्या उपचारात बँकॉकला रक्त काढायचं, इस्राएलमधल्या प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि परत आणून हृदयात सोडायच्या, असा द्राविडी प्राणायाम होता. खर्च सुमारे ३० हजार डॉलर. हवाईचे गायक डॉन हो यांनी २००५ च्या डिसेंबरात तो करून घेतला, त्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि २००७ च्या एप्रिलमध्ये हृदय बंद पडून गेले. आन्व्हेर्सांचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असं हार्वर्डने २०१८ मध्ये सांगितलं. युरोपातल्या बामी चाचणीत तीन हजार रुग्ण हवे होते, मिळाले ३७५. २०२० मध्ये आलेल्या तिच्या निकालातही अस्थिमज्जेच्या पेशींनी जीव वाचल्याचं दिसलं नाही.

बेक, सेन, कॉब यांनी निदान आपलं काम स्वतःच्या संस्थेत केलं, वैद्यकाच्या नियतकालिकांत मांडून तपासायला दिलं. बँकॉकच्या वाटेवर प्रयोगाचा खर्चच रुग्णाच्या माथी आला. आपल्याकडे आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) नियम याच्या नेमका उलट आहे. रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचं बाकी बहुतेक सगळं संशोधनात मोडतं. ते मंजूर चाचणीतच करायचं, आणि रुग्णाकडून पैसे न घेता.

तेव्हा बाहेरच्या केंद्राला विचारावं, चाचणी कुठे नोंदवली आहे, तुलनेला दुसरा गट आहे का, आणि पैसे कोण भरतंय. आणि गाळ्याचा सौदा ठरण्याआधी तीच फाइल इथल्या डॉक्टरांपुढे पुन्हा उघडावी. पंपिंग घटलेल्या हृदयासाठी आज चार प्रकारची औषधं आहेत. ती चारही चालू आहेत का, आणि झेपेल तितक्या पूर्ण मात्रेपर्यंत नेली आहेत का, हे त्यांना विचारावं.