टिळकांचे तीन खटले आणि आरोपीचे हक्क

"आपण काही केलेलंच नाही ना, मग घाबरायचं कशाला?" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. ऐकायला बरं वाटतं, पण फौजदारी कायदा असा चालत नाही. तुम्ही नेमकं काय केलं, हा प्रश्न कोर्टात बराच उशिरा येतो. त्याआधी अटक येते, जामीन येतो, आरोप कोणते आणि किती हे ठरतं, पुरावा कुठल्या भाषेत वाचला जाणार हे ठरतं, निकाल कोण देणार हे ठरतं. पुढचा निकाल कुठे झुकणार, हे पुष्कळदा या आधीच्या पायऱ्यांवरच ठरून जातं.

मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण मला कायद्यातल्या मोठमोठ्या तत्त्वांपेक्षा प्रक्रिया जास्त खेचून घेते. आणि प्रक्रिया समजून घ्यायची तर लोकमान्य टिळकांच्या खटल्यांसारखं पुस्तक नाही. एकच आरोपी, मुंबईचंच हायकोर्ट, राजद्रोहाचं तेच १२४-अ कलम, आणि १८९७, १९०८, १९१६ असे तीन सामने. टिळक पहिले दोन हरले, तिसरा जिंकले. शाळेत आपण या खटल्यांची देशभक्तीची बाजू शिकलो. आज जरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून बघू.

आधी एक गैरसमज. १८९७ चा खटला 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या अग्रलेखावर झाला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. आरोप होता 'केसरी'च्या १५ जून १८९७ च्या अंकातल्या मजकुरावर: शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत. त्यानंतर आठवड्याभरात, २२ जूनला, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. खुनाशी टिळकांचा संबंध आहे असा आरोप त्या खटल्यात नव्हता, पण खटल्यावर सावली त्याच घटनेची होती. पहिला धडा इथेच: आरोपपत्रात काय लिहिलंय आणि लोकांच्या मनात काय आहे, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. बचाव मात्र दोन्हींशी करावा लागतो.

जामीन

१८९७ मध्ये जामीन आधी नाकारला गेला. मग अर्ज न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे आला आणि त्यांनी तो मंजूर केला. विचार साधा होता. जामिनाचा हेतू आरोपी खटल्याला हजर राहावा एवढाच. आणि बाहेर असलेल्या माणसाला बचावाची तयारी नीट करता येते. शिवाय उद्या तो निर्दोष सुटला, तर आत काढलेले दिवस त्याला कोण परत देणार?

तय्यबजींपुढे टिळकांच्या वतीनं उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. हे नाव लक्षात ठेवा.

अकरा वर्षांनी, २४ जून १९०८ ला टिळकांना मुंबईत पुन्हा अटक झाली. या वेळी निमित्त मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतरच्या दोन लेखांचं होतं, 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. जामिनाचा अर्ज घेऊन उभे राहिले तरुण बॅरिस्टर महंमद अली जीना. आणि समोर न्यायाधीश कोण? तेच दावर! जीनांचे मुद्दे बरेचसे तेच, जे दावरांनी स्वतः पूर्वी मांडले होते. दावरांनी जामीन नाकारला, आणि कारणांची चर्चा करणंही टाळलं.

कायदा तोच, आरोपी तोच, युक्तिवादही तोच. जामीन न्यायाधीशाच्या विवेकावर असतो असं आपण सहज म्हणतो, पण त्या विवेकाला कारणं देण्याचं बंधन नसेल तर काय होतं, ते इथे दिसतं. टिळकांनी १९०८ च्या खटल्याची तयारी डोंगरीच्या तुरुंगातून केली.

निकाल कोण देणार?

तेव्हा हायकोर्टात नऊ जणांची ज्यूरी असे. एकमत झालं नाही तर निदान सहा जण एका बाजूला हवेत आणि न्यायाधीशालाही ते मान्य हवं, असा नियम. १८९७ मध्ये ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी लोक होते. निकाल? सहा विरुद्ध तीन, दोषी. म्हणजे काठावर पास. एक जण जरी इकडचा तिकडे झाला असता तरी त्या ज्यूरीच्या बळावर शिक्षा देता आली नसती. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी दिली.

याच स्ट्रॅचींनी ज्यूरीला सांगितलं होतं की सरकारविषयी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव. आता प्रीतीचा अभाव कुणाला नसतो हो? आयकर भरताना आपल्या सगळ्यांनाच असतो! पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, १२४-अ कलम दुरुस्त झालं, अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव आणि वैरभाव येतात असं स्पष्टीकरण त्यात आलं, आणि जोडीला १५३-अ हे नवं कलमही आलं.

१९०८ मध्ये सरकार पक्षानं 'स्पेशल ज्यूरी' मागितली. टिळकांच्या बाजूनं बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला: अशा ज्यूरीत युरोपियनांचा भरणा होणार, त्यांना मराठी येणार नाही, आणि लेख तर मराठीत आहेत. विरोध फेटाळला गेला. सात युरोपियन आणि दोन पारशी बसले.

भाषा

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा मुद्दा हा. पुण्याच्या वाचकासाठी मराठीत लिहिलेला लेख, आणि तो राजद्रोही आहे की नाही हे ठरवणार त्याचं इंग्रजी भाषांतर वाचणारे लोक. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची कसून उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दाला. भाषांतरात मूळ शब्दांपेक्षा जास्त धार आली आहे, मराठीत राजकीय परिभाषा अजून घडते आहे, लेख सबंध वाचा, सुटी वाक्यं उचलू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरझडतीत एक पोस्टकार्डही सापडलं होतं, स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेलं. टिळकांचा खुलासा असा की स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहायची म्हणून ती नावं टिपली होती. खुलासा पटण्यासारखा आहे. पण त्या वातावरणात, मराठी न येणाऱ्या ज्यूरीपुढे ते एवढंसं कार्ड किती जड झालं असेल, कल्पना करा.

स्वतःचा बचाव स्वतः

टिळक एलएल.बी. होते, पुण्यात कायद्याचा वर्ग चालवत. १९०८ मध्ये त्यांनी स्वतःच बाजू मांडली. आरोपीला शपथेवर साक्षीदार म्हणून उभं राहायची सोय तेव्हा नव्हती, ती १९५५ च्या दुरुस्तीनं आली. त्यामुळे हातात होतं ते भाषण. ते अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक चाललं. पण ज्यूरीपुढे वकिली करण्यात त्यांच्यानंतर बोलायची संधी ॲडव्होकेट-जनरल ब्रॅन्सन यांना मिळाली, आणि मग न्यायाधीशांनी समारोप केला.

२२ जुलैच्या रात्री निकाल आला. सात विरुद्ध दोन, दोषी. दोन लेखांबद्दल तीन-तीन वर्षं काळं पाणी, एकापाठोपाठ एक, म्हणजे सहा, आणि १५३-अ बद्दल हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण होणार होती. प्रत्यक्षात ती वर्षं मंडालेच्या तुरुंगात गेली. शिक्षेआधी ते जे थोडंसं बोलले, ते आज त्याच हायकोर्टात संगमरवरावर कोरलेलं आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

तिसरा सामना

१९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूलवरच्या तीन भाषणांवरून सरकारनं पुन्हा कारवाई केली. या वेळी शिक्षेचा खटला न भरता 'चांगल्या वर्तणुकीचा' जामीन मागितला. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं हुकूम दिला: स्वतःचा वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार, वर्षभरासाठी.

प्रकरण हायकोर्टात गेलं. टिळकांच्या बाजूनं पुन्हा जीना. ज्यूरी नाही, दोन न्यायाधीश, बॅचलर आणि शहा. त्यांनी भाषणं सबंध वाचली, ऐकणाऱ्यावर त्यांचा एकूण परिणाम काय होईल ते पाहिलं, आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला हुकूम रद्द केला. सबंध वाचा! १९०८ मध्ये टिळक तासन्‌तास हेच सांगत होते. तेव्हा ऐकलं गेलं नाही, आठ वर्षांनी ऐकलं गेलं.

आणि आज?

ज्यूरी गेली, १९७३ च्या संहितेत तिला जागाच उरली नाही. १२४-अ कलमाची व्याप्ती सुप्रीम कोर्टानं १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात हिंसेला किंवा अशांततेला चिथावणी देण्यापुरती मर्यादित केली, मे २०२२ मध्ये त्याखालची कारवाई थांबवली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे, आणि त्यावर वाद चालू आहे.

आरोपीच्या हातात मात्र टिळकांपेक्षा बरंच काही आहे. राज्यघटनेच्या कलम २२ नुसार अटकेचं कारण सांगावं लागतं, वकील घेता येतो, आणि चोवीस तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. कलम २०(३) नुसार स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. अटक झाल्याचं नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांचं कर्तव्य आहे. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत, तपास पुरा होऊन आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो (काही खास कायद्यांत मुदती वेगळ्या आहेत). वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत.

समजणाऱ्या भाषेत... हे वाचल्यावर मला तो १९०८ चा भाषांतरकारच डोळ्यांपुढे आला.

पण यातला एकही हक्क आपोआप चालू होत नाही. मुदत संपली तरी जामिनाचा अर्ज करावाच लागतो. समजत नसलेल्या कागदावर सही करण्याआधी तो वाचून दाखवा म्हणावं लागतं. हरकत नोंदवावी लागते, ती फेटाळली जाणार हे दिसत असलं तरी. बॅप्टिस्टांनी ज्यूरीवर घेतलेली हरकत त्या दिवशी फुकट गेली, पण ती नोंदवलेली आहे म्हणूनच आज आपण तो निकाल तपासून बघू शकतो. आणि ज्याच्यावर आरोप झालाय तो आपला शेजारी असेल किंवा आपल्याला न आवडणारा माणूस असेल, त्याचेही हक्क हेच आणि एवढेच.