प्रतिजैविक बनवणारा जिवाणू स्वतः का मरत नाही?

पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात स्ट्रेप्टोमायसिन बनवले जात असे. क्षयरोगावरचे हे औषध मातीतील स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूपासून मिळते. मग तो स्वतः कसा वाचतो?

बचाव कसा होतो?

स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या पेशीत प्रथिने तयार होण्याचे काम बिघडवते. म्हणून हा जिवाणू एका एन्झाइमच्या, म्हणजेच विकराच्या, मदतीने औषधाच्या रेणूला फॉस्फेट जोडतो. त्यामुळे औषध निष्क्रिय होते. पेशीबाहेर दुसरे विकर तो फॉस्फेट काढते आणि औषध पुन्हा प्रभावी होते.

तुमच्याशी संबंध काय?

औषध निकामी करणारी अशी विकरे काही रोगजंतूंकडेही असतात. त्यांची जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. गरज नसताना प्रतिजैविक घेतले, की साधे जिवाणू मरतात आणि प्रतिरोधक जिवाणू उरतात, वाढतात. पुढे खरी गरज असताना औषध लागू पडत नाही.

काय काळजी घ्याल?

• साध्या सर्दीसाठी दुकानातून परस्पर प्रतिजैविक घेऊ नका.
• डोस आणि दिवस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच पाळा.
• उरलेल्या गोळ्या घरातील दुसऱ्या कोणाला देऊ नका.