कॅफीन, मूत्राशय आणि एक जुना समज

शिक्षकांच्या एका शिबिरात चहाची सुट्टी झाली, तेव्हा एक बाई कप न घेताच बसून राहिल्या. वारंवार उन्हाळी लागते म्हणून कुणीतरी त्यांना चहा बंद करायला सांगितले होते. आणि पाणी? शाळेच्या वेळात त्या तेही टाळत. चहा-कॉफीमुळे मूत्राशयाला जंतुसंसर्ग होतो का, हा प्रश्न तिथेच निघाला. या समजाचा माग काढायचा तर आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

१८१९ साली फ्रीडलीब रुंगे हा तरुण रसायनशास्त्रज्ञ जर्मनीतील येना येथे कवी गटेला भेटायला गेला. अंगात उसना कोट आणि बगलेत मांजर! बेलाडोनाच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी रुंदावते, ते त्याने दाखवले. खूश होऊन गटेने त्याला कॉफीच्या बिया दिल्या आणि यांचेही पृथक्करण करून पाहा, असे सुचवले. रुंगेने त्या बियांतून वेगळा केलेला पदार्थ म्हणजेच कॅफीन. पुढे १८८८ साली आल्ब्रेख्त कोसेलने चहाच्या पानांतून त्याचे भावंड थिओफिलीन मिळवले. ही द्रव्ये लघवीचे प्रमाण वाढवतात, हे लक्षात आल्यावर हृदयविकाराने अंगावर सूज आलेल्या रोग्यांना ती औषध म्हणून दिली जाऊ लागली. मूत्रपिंडात गाळलेले सोडियम पुन्हा रक्तात शोषले जाते. कॅफीन या क्रियेत अडथळा आणते. मग सोडियमबरोबर पाणीही बाहेर पडते.

औषधाचा हा गुण चहाच्या कपालाही चिकटला. परंतु १९२८ सालीच एडी आणि डाऊन्स यांनी दाखवून दिले होते, की नियमित कॅफीन घेणाऱ्यांत हा परिणाम बराच कमी होतो. शरीर त्याला सरावते. २०१४ साली बर्मिंगहॅममध्ये रोज कॉफी पिणाऱ्या ५० जणांना तीन दिवस दररोज चार कप कॉफी आणि वेगळ्या तीन दिवसांत तेवढेच पाणी देऊन तुलना केली. शरीरातील पाण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. (हे पन्नासही पुरुष होते. उन्हाळीचा त्रास मात्र बायकांना अधिक!)

आता जंतूंकडे वळू. १८८५ साली थिओडोर एशरिशने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत जो जंतू पाहिला, तोच आज ई. कोलाय या नावाने ओळखला जातो. मूत्राशयाचे बहुतेक संसर्ग त्याच्यामुळेच होतात. तो आपल्याच आतड्यातून येतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्याला मूत्राशय गाठणे सोपे जाते. चहाच्या कपातून तो येत नाही.

मग चहा प्यायल्यावर त्रास वाढल्यासारखा का वाटतो? काही जणांत कॅफीनमुळे लघवीची घाई वाढते. संसर्गाने आधीच हुळहुळ्या झालेल्या मूत्राशयात ती अधिकच जाणवते. अशा दिवसांत चहा कमी केला तर आराम पडू शकतो. पण त्याने जंतू हटत नाहीत. त्यासाठी लघवी तपासून डॉक्टरांनी दिलेले औषधच घ्यावे लागते. ताप किंवा पाठीत कळा असतील तर मुळीच वेळ दवडू नये.

खरा घोटाळा होतो तो चहाबरोबर पाणीही तोडल्याने. बल्गेरियात, वर्षात तीन किंवा अधिक वेळा संसर्ग झालेल्या आणि एरवी पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना नेहमीच्या पेयांखेरीज रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले होते. वर्षभरात या गटात संसर्गाचे सरासरी प्रमाण १.७ राहिले, तर दुसऱ्या गटात ३.२. भरपूर लघवीबरोबर जंतू वाहून जातात, त्यांना ठाण मांडायला सवड मिळत नाही.

मात्र जादा पाणी पिणाऱ्या या स्त्रियांना लघवीलाही दिवसातून साधारण दोनदा अधिक जावे लागत होते. शिबिरातल्या बाईंना हे सांगितले, तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या शाळेतल्या शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती.