गोंडांचे तख्त आणि गोंडांचे गाव

नागपूर म्हटले की भोसले आठवतात, आणि मग संत्री. वर्गात इतिहास शिकवताना पाहतो, मुलेही रघूजीपासूनच आरंभ करतात. पण हे शहर वसवले देवगडच्या गोंडराजाने. बख्तबुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, हे नाव घेऊन परतला आणि १७०२ च्या सुमारास बारा लहान वाड्या जोडून त्याने नागपूर उभारले. पुढे चांद सुलतानाने राजधानीच येथे आणली, तट घातला, जुम्मा तलाव बांधला. आज आपण ज्याला गांधीसागर म्हणतो, तोच हा तलाव!

१७३९ मध्ये चांद सुलतान वारला आणि घरात भाऊबंदकी माजली. राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजींना मदतीस बोलावले. मदतीला आलेला पाहुणा १७४३ मध्ये घरधनी झाला. बुऱ्हाण शाहाचा किताब त्याने राहू दिला, तनखाही दिला. यात दया थोडी, धोरण पुष्कळ. गोंडराजा नावापुरता का होईना गादीवर असला, की पेशव्यांचा वरचष्मा नाकारायला सबब मिळे. इंग्रजी अमलातही तनखा चालूच राहिला.

आमची पाठ्यपुस्तके येथेच गोंडांचा निरोप घेतात. मला ते पटत नाही. तख्त म्हणजे काही सारे राज्य नव्हे. गोंडांचा खरा कारभार गावच्या पंचांपुढे चाले, आणि तो कोणी तनख्यावर बसवला नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी बोलणे पुढे चालू. (आमच्या शिक्षकांच्या सभेत हा नियम लावला तर दिवाळीची सुटी सभेतच सरेल!) २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकू देईनात; वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती. गाव हटले नाही. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी भांडत राहिले. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले, आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.