उंदरांची साक्ष

परवा काकांचा फोन. प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशनला वर्ष झालं, पण प्रश्न तोच... "माझं नेमकं काय चुकलं गं?" मला उत्तर सुचलं नाही. रात्री वाचत बसले.

२००५ साली मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाला प्रोस्टेटच्या अनेक गाठींमध्ये ईआरजी नावाचं जनुक भलत्याच जनुकाला चिकटलेलं सापडलं. ते दुसरं जनुक पुरुषी हार्मोनमुळे चालू होतं, आणि त्याच्यासोबत ईआरजीही. चोर सापडला म्हणायचा! पण घटनास्थळी दिसला म्हणून कोणी चोर ठरतो का?

साक्ष काढायला उंदीर होते. वाट १९९५ साली ह्यूस्टनमध्ये नॉर्मन ग्रीनबर्ग यांनी दाखवली होती. उंदराच्या फलित अंड्यात जनुक सोडायचं, त्याला प्रोस्टेटमध्येच चालू होणारं 'बटण' जोडून. त्यांनी एका विषाणूचं जनुक घातलं आणि उंदरांना कॅन्सर झाला. ईआरजीचं तसं झालं नाही. २००९ साली दोन गटांनी दाखवलं, की एकट्या ईआरजीने उंदरांना कॅन्सर होत नाही. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पीटेन हे जनुकही कमी पडलं, की मात्र दुखणं पुढे सरकतं.

सकाळी काकांना सांगितलं, "पेशीत दोन-तीन बिघाड जुळून यावे लागतात. एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येत."

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मी रोज रात्री उगाच हिशेब मांडत बसतो."

असो. आज तरी त्यांना झोप लागू दे.