पाळीव प्राण्यांपासून लाकडी सामानाचे रक्षण

प्रतिनिधी, सास्तूर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सास्तूर आणि परिसरातील गावांची अपरिमित हानी झाली. दगडमातीच्या जाड भिंतींची आणि लाकडी खांब-तुळयांवर माळवद पेलणारी खणांची घरे जमीनदोस्त झाली. त्या घरांतील एखादा दरवाजा, पेटी किंवा कपाट ज्या कुटुंबाकडे उरले असेल, त्याच्या दृष्टीने त्या लाकडावरील ओरखडा हे केवळ पैशाचे नुकसान नसते. दुसरीकडे, ज्वारी-तुरीची पोती असलेल्या घराला उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजर हवेच असते. या दोहोंचा मेळ घालणे फारसे अवघड नाही.

नखांचे ओरखडे

मांजर खोडसाळपणाने लाकूड ओरबाडत नाही. नखांवरील जुने आवरण काढून टाकणे, अंग ताणणे आणि पंजातील ग्रंथींचा गंध ठेवून आपली हद्द आखणे, ही त्यामागील कारणे होत. मारझोडीने ही सवय सुटत नाही. तिला दुसरी जागा द्यावी लागते. अडीच ते तीन फूट उंचीच्या लाकडी खुंटाला काथ्या किंवा गोणपाट घट्ट गुंडाळून तो ओरबाडल्या जाणाऱ्या कपाटाशेजारीच ठेवावा. खुंट डगमगता कामा नये, अन्यथा मांजर त्याकडे फिरकत नाही. सवय लागेपर्यंत कपाटाचा कोपरा जाड प्लास्टिकने झाकावा. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची केवळ टोके कापावीत. आतील गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. नखे कायमची काढण्याच्या शस्त्रक्रियेत बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते, त्यामुळे तो मार्ग सर्वथा त्याज्य होय.

कुत्र्याचे पिल्लू साधारणतः तिसऱ्या ते सातव्या महिन्यात दात बदलत असताना खुर्चीचे पाय चावते. त्याला चावण्यासाठी टणक रबरी खेळणे द्यावे आणि घरात एकटे असताना त्याला सामानापासून दूर ठेवावे.

मूत्राचे डाग

मूत्र तत्काळ कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. पुसून पसरवू नये. ते मुरल्यास लाकूड काळवंडते, तर प्लायवूड आणि भुशाच्या फळ्या कडेने फुगतात. पुढील स्वच्छता पृष्ठभाग पाहून करावी. लाखेचे, म्हणजे चपड्याचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते आणि सोडा किंवा अमोनियाने खराब होते. त्यामुळे त्यावर सॅनिटायझर वा सोड्याचे पाणी वापरू नये. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. सनमायक्यावर पाण्यात मिसळलेले व्हिनेगर चालते. मात्र सांध्यांत पाणी जाऊ देऊ नये. वास राहिल्यास प्राणी पुन्हा तेथेच जातो. अशा वेळी विकरयुक्त द्रावण उपयोगी पडते; ते आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे.

प्राण्यास अपाय नको

फिनेल मांजरासाठी विषारी ठरू शकते. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा मांजराचे यकृत नीट करू शकत नाही आणि पंजे चाटताना ती द्रव्ये पोटात जातात. डांबराच्या गोळ्याही घातक असतात. तिखट शिंपडल्याने डोळ्यांना व नाकाला इजा होते. सामान वाचविण्यासाठी हे उपाय योजू नयेत.

स्वच्छतेची सवय असलेले मांजर अकस्मात कपाटाखाली किंवा गादीवर मूत्रविसर्जन करू लागल्यास ते आजाराचे लक्षण असू शकते. बोका वारंवार जोर करूनही मूत्र होत नसेल, तर विलंब न लावता पशुवैद्यकास दाखवावे. तो प्राणावरचा प्रसंग असतो. उभ्या पृष्ठभागावर फवारे मारण्याची बोक्याची सवय निर्बीजीकरणानंतर बहुधा कमी होते.

दुरुस्ती

बारीक ओरखड्यांवर मेणाचे पॉलिश पुरते. खोल ओरखडा रंग जुळवलेल्या लांबीने भरून, वाळल्यावर बारीक पॉलिश कागदाने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावा आणि मग पॉलिशचा हात द्यावा. सनमायक्यावरील खोल ओरखडा मात्र घासून जात नाही. पत्राच बदलावा लागतो. नवे पॉलिश पूर्ण वाळेपर्यंत आणि त्याचा उग्र वास जाईपर्यंत प्राण्यांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

लाकडावरील ओरखडा बुजविता येतो. मात्र त्या रागापायी रस्त्यावर सोडलेल्या मुक्या जिवाला दुसरे घर मिळेलच, असे नाही.