हवा येत होती, जोर नव्हता

नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत उरकत. मशीनबद्दल विचारलं की चहा गार व्हायचा. नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) त्यांच्या डोक्यात तालुक्यांनी नव्हे, जत्रांनी मांडलेला होता. फाल्गुनात मढीला कानिफनाथांची यात्रा, नवरात्रात मोहटादेवी, थंडीत कारखान्यांचा हंगाम. गळीत सुरू झालं की लोकांच्या हातात पैसा येई आणि पैशामागे तंबू जाई.

सुरुवातीला कार्बनचा जमाना. दोन कांड्या टोकाला टोक लावून पेटवायच्या, मग अंतर राखायचं; त्या फटीत विजेची ज्योत, म्हणजे आर्क, जळत राही. धन कांडीच्या टोकाला खळगा पडे, त्यातून निघणारा पांढरा झोत पडद्यावर जाई. कार्बनला डीसी लागे, चाळीस-पन्नास व्होल्टच, पण अँपिअर भरपूर. करंट वाढला की आर्कचं व्होल्टेज उलट घसरतं, म्हणून मध्ये रोध घालावाच लागतो; नाहीतर आर्क करंट ओढतच राहतो. कांडी हाताने पुढे सारणाऱ्या माणसाला पिक्चर बघायला मिळत नसे. नानांनी कित्येक चित्रपट फक्त ऐकलेत.

मग झेनॉनचा दिवा आला. 1950च्या दशकात जर्मनीतून निघालेला हा दिवा तंबूपर्यंत यायला बराच काळ गेला. दोन किलोवॉटचा दिवा साधारण 25 व्होल्टवर 80 अँपिअर घेतो. कांडी सारायची कटकट गेली, पण डोकेदुखी दिव्यातून, एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमध्ये उतरली. ऐंशी अँपिअर ज्या जोडातून जातात, तिथे ओहमचा शंभरावा भाग जरी रोध राहिला तरी 64 वॉट उष्णता होते, एका दमदार सोल्डरिंग इस्त्रीएवढी. तंबू दर गावी सोडायचा, दर गावी बांधायचा. वायरीच्या टोकाचा लग सैल राहिला की रंग निळा-काळा पडे, वायरचं आवरण पिवळं होई. म्हणून पुरवठा बंद करून आधी पाना फिरवायचा, मग मीटर काढायचा, असा नानांचा क्रम.

एका वर्षी मढीच्या यात्रेत मात्र सगळे जोड घट्ट होते आणि तरीही रेक्टिफायर तापत होता. अर्धा तास खेळ चालला की थर्मल स्विच पडे, पडदा काळा, शिट्ट्या सुरू. करंट कमी केला की चित्र मळकं दिसे. कोणी ओलं गोणपाट टाकायला निघालं. नानांनी त्याला हाकललं. विजेच्या पेटीवर ओलं गोणपाट टाकणाऱ्याला मशीनच्या जवळ उभं करू नये, हे त्यांचं मत अखेरपर्यंत कायम होतं. डायोड तपासले, चांगले. फ्यूज तिन्ही शाबूत. ब्लोअर फिरत होता, जाळीसमोर हात धरला तर हवाही लागत होती.

रांगेत बसून कंटाळलेला एक शेतकरी आत डोकावला. म्हणाला, "नाना, आमची विहिरीवरची मोटर उलटी फिरली तरी थोडं पाणी येतंच की. दोन वायरी बदला."

खरंच तसं होतं. जनरेटरवरून तीन फेज जोडताना क्रम बदलला होता. रेक्टिफायरचा ब्लोअर थ्री फेज मोटरचा होता, तो उलटा फिरत होता. असा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर पडते, फक्त पुरेशी नाही. म्हणून हाताला फसवणूक कळली नाही. ब्लोअर बंद करून मंदावताना पाहिलं, तेव्हा धुळीखालच्या बाणाच्या उलट दिशेने पातं फिरताना दिसलं. दोन तारांची अदलाबदल झाली आणि त्या रात्री खेळ सलग चालला.

माझं मत असं की तंबूतली मशीनं क्वचितच बिघडत; बिघडे ती जोडणी, आणि जोडणी प्रत्येक गावी नवी. सिनेमाच्या इतिहासात फाळके येतात, प्रभात येते, तारका येतात. ऐंशी अँपिअरचा नट कोणी आवळला, हे कुठे येत नाही. 2016 साली कान महोत्सवात दाखवलेल्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाने महाराष्ट्रातल्या या तंबूंची आणि दुरुस्ती करणाऱ्यांची थोडी दखल घेतली.

आता रीळ गेलं, पण डिजिटल प्रोजेक्टरांतही बरीच वर्षं दिवा झेनॉनचाच राहिला, आणि त्यालाही ब्लोअर लागतोच. तुमच्या गावात कोणाच्या वाड्यात जुना रेक्टिफायर पडून असेल, तर भंगारवाला तांब्याचा भाव सांगण्याआधी त्या मशीनच्या ऑपरेटरला गाठा.